‘शर्टाला बटण लाव’ आणि ‘शर्टाचं बटण लाव’

परवा एका मेलमध्ये ‘सोबत फाइल जोडली आहे’ हे इंग्रजीत लिहिताना मी बिनधास्त ‘जॉईन’ ठोकून दिलं. पाठवल्यावर जीभ चावली. ‘जोडणे म्हणजे जॉईन’ हे शाळेत पाठ केलेलं असं ऐनवेळी दगा देतं.

जॉईनमध्ये दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात. पाइपचे दोन तुकडे, टोकाला टोक. अटॅचमध्ये एक मुख्य आणि दुसरं त्याला लावलेलं, म्हणून मेलला फाइल अटॅच होते. कनेक्ट म्हटलं की मधून काहीतरी जायला हवं : वीज, पाणी, नाहीतर निदान बोलणं.

फासनची (fasten) गंमत वेगळी. स्पेलिंगमधला टी मुका आणि आतला ‘फास्ट’ वेगाचा नव्हे, घट्टपणाचा. फास्ट कलर म्हणजे पक्का रंग, फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपेत. तोच हा फास्ट. म्हणून सीटबेल्ट ‘फासन’ करायचा, तो घट्ट बसला पाहिजे.

आता बटण घ्या. ‘शर्टाला बटण लाव’ म्हटलं की सुई-दोरा शोधावा लागतो. ‘शर्टाचं बटण लाव’ म्हटलं की ते नुसतं काजात सरकवायचं. क्रियापद तेच, सगळा भार ‘ला’ आणि ‘चं’वर. इंग्रजीला यासाठी दोन वेगळी क्रियापदं लागतात, पहिल्याला ‘सो ऑन’ (sew on), दुसऱ्याला ‘डू अप’ किंवा सरळ ‘बटन’. वस्तूचंच क्रियापद करायची त्यांना भारी हौस : नेल, स्क्रू, पिन, स्टेपल, झिप, ग्लू. आपण मात्र खिळा ठोकतो, स्क्रू पिळतो, पिन मारतो, चेन लावतो, गाठ मारतो, टाका घालतो. हाताची हालचाल आपल्या क्रियापदात दिसते. मला आपलंच जास्त आवडतं, पक्षपात म्हणा हवं तर.

टाय आणि बाइंड, दोन्हींना आपण ‘बांधणे’ म्हणतो. बुटाची नाडी टाय करायची, पुस्तकाची पानं बाइंड करायची. टाय केलेलं सहज सुटतं. बाइंड केलेलं सुटावं अशी अपेक्षाच नसते, म्हणून करारही ‘बाइंडिंग’ असतो. हे बाइंड आणि आपलं बांधणं एकाच जुन्या मुळातून आलेत.

जॉईनचंही तसंच. त्याचं नातं संस्कृत ‘युज्’शी, म्हणजे योगाशी आणि बैलाच्या मानेवरच्या जूशीही. सोमवारी नवी नोकरी ‘जॉईन’ करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.