आजची ड्यूटी कोणाची?

अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये राहून इथल्या पायरेट्स संघाचं बेसबॉल मनाला लावून घेणं हा आजार आहे. या गावात हॉस्पिटलं पुष्कळ, पण त्यावर औषध नाही. 1993 ते 2012 अशी ओळीनं वीस वर्षं या संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त भरले. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलचं अजिंक्यपद, शेवटचं जिंकलं 1979 मध्ये. तेव्हा मी कराडला पाळण्यात होतो.

हरण्याचं मात्र काही वाटत नाही, सवय होते. खरा छळ बॅटिंग ऑर्डरचा. हंगामात 162 सामने, आणि प्रत्येक सामन्याआधी काही तास नऊ जणांची यादी जाहीर होते. त्या वेळी मी हमखास ऑफिसच्या मीटिंगमध्ये असतो. टेबलाखाली फोन उघडतो आणि तोंडातून "अरे देवा" निघतं. समोर कोणी तरी बजेट मांडत असतं, त्याला वाटतं आकडे चुकले. काल दोन फटके मारणारा आज बाकावर, कारण समोरचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, डावखुरा. महिनाभर ज्याच्या बॅटला बॉल लागलेला नाही, तो पाचव्या नंबरवर, कारण त्याला म्हणे आत्मविश्वास द्यायचाय. मला कोण देणार?

अशात पॉल स्कीन्स हा पिचर आला. साडेसहा फूट उंच, 2023 च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला नंबर, करारावर सही करण्याचे 92 लाख डॉलर. 11 मे 2024 ला, शनिवारी, शिकागोच्या कब्ज संघाविरुद्ध त्याचं पदार्पण ठरलं आणि मी तिकिटं काढली. दोन काढली, कारण तेव्हा बाबा आमच्याकडे आले होते.

बाबांनी सगळी नोकरी एसटीत काढली, वाहतूक नियंत्रक म्हणून. ड्यूटी लावणे ही त्यांच्या लेखी चौसष्टावी कला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर नऊ नावं झळकली तसा त्यांनी चष्मा पुसला.

"हा पहिल्या नंबरवरचा मॅककचन कोण? वय काय?"

"सदतीस. 2013 चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू, बाबा. इथला देव आहे."

"सदतीस म्हणजे काही नाही. आमच्याकडं त्या वयात माणूस नुकता कायम व्हायचा. पहिल्या गाडीला भरवशाचाच माणूस लावायचा. बरोबर आहे."

माझा गेले कित्येक आठवडे ही यादी ठरवणाऱ्या मॅनेजरशी चाललेला मूक वाद त्यांनी एका वाक्यात निकाली काढला, तोही मॅनेजरच्या बाजूनं.

मग स्कीन्सनं टाकायला सुरुवात केली. शोएब अख्तरनं 2003 च्या वर्ल्ड कपात एक बॉल ताशी 161.3 किलोमीटरनं टाकला, तर आपण अजून सांगत बसतो. या पोरानं पहिल्याच दिवशी शंभर मैलांचा, म्हणजे 161 चा काटा सतरा वेळा गाठला. सात स्ट्राइकआउट, म्हणजे सात जण थेट त्याच्या बॉलवर बाद. आजूबाजूची माणसं, जी एरवी पिरोगींचे, म्हणजे इथल्या करंजीसारख्या पदार्थाचे, मुखवटे घातलेल्यांची शर्यत बघायला येतात, ती उभी राहून ओरडत होती. बाबासुद्धा दशमीचा घास हातात धरून उभे होते.

नऊपैकी पाचव्या इनिंगमध्ये आम्ही 6-1 नं पुढं, दोन गडी बेसवर, 84 बॉल झालेले, आणि मॅनेजर चालत आला. काढला पोराला. मी जागेवरून ओरडलो, शेजारचे ओरडले. सुरुवात करणाऱ्या पिचरनं पाच इनिंग पुऱ्या केल्या नाहीत तर विजय त्याच्या नावावर लागत नाही, हे मी बाबांना तळतळून सांगितलं.

"नवा ड्रायव्हर पहिल्याच दिवशी लाँग रूटला ताणायचा नसतो," बाबा म्हणाले. "पण बदली कोण दिलीय ते बघ की!"

बदलीवाले आले. एक आला, दुसरा आला, आणि कोणालाच बॉल सरळ टाकता येईना. तिन्ही बेस भरलेले असताना चार बॉल बाहेर गेले की समोरच्याला धाव आंदण मिळते. ती एकामागून एक मिळत राहिली.

"बॅट न हलवता धाव?"

"हो."

"सवलतीचा पास दिसतोय."

तेवढ्यात पाऊस. दोन तासांहून जास्त. भिजलेली दशमी खात मी पायरेट्सचा इतिहास सांगितला. 2008 मध्ये याच संघानं उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या दोन पोरांना करारबद्ध केलं होतं. त्यांनी त्याआधी बेसबॉल जवळपास बघितलाच नव्हता.

"पुढं काय झालं त्यांचं?"

"एक जण कुस्तीत गेला."

"शहाणा," कराडच्या माणसाची तत्काळ मान्यता. ती कुस्ती डब्ल्यूडब्ल्यूईची होती हे मी सांगितलं नाही.

सामना आम्ही 10-9 असा जिंकलो. स्कीन्सच्या नावावर काहीच नाही. सहाच दिवसांनी शिकागोत त्यानं सहा इनिंग एकही हिट दिली नाही, अकरा जणांना परत पाठवलं, आणि 100 बॉल होताच पुन्हा बाहेर. जुलैत मिलवॉकीत सात इनिंग बिनहिट, 99 बॉल, तेच. तोवर बाबा कराडला परतले होते. एवढा माल हातात असून फेरी अर्ध्यात का सोडतात, असा त्यांचा मेसेज आला. मला बरं वाटलं.

आता तर कहर आहे. 2025 मध्ये स्कीन्सनं दर नऊ इनिंगमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या, 1.97. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमतानं मिळाला. आणि त्याची स्वतःची जमा? दहा विजय, दहा पराभव. इतकं टाकूनही विजयाइतकेच पराभव पदरी पडायचे असतील तर आमच्या बॅट्समननी किती कष्ट घेतले असतील बघा.

हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर बाबा विचारात पडले. "पोरगा बॅटिंग करत नाही?"

एअर फोर्स अकॅडमीत होता तेव्हा तो पिचिंगच्या जोडीला विकेटकीपरसारखी कॅचरची जागा सांभाळायचा आणि होमरनही मारायचा, असं मी सांगितलं. पण आता पिचरच्या वाट्याची बॅटिंग दुसराच करतो. 2022 पासून इथल्या दोन्ही मोठ्या लीगमध्ये तसाच नियम आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला. एसटीच्या जुन्या डायरीचं पान, नऊ नावं, सुबक अक्षरात. चौथ्या नंबरवर स्कीन्स, आणि तीन खेळाडूंसमोर लाल पेननं शेरा: सक्तीची रजा.

त्यातले दोघे माझ्याही यादीत होते.