खोलल्यावर कळेल

हेड गॅस्केट नावाची वस्तू जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मध्ये ती चेपून बसवलेली असते. तिचं काम एकच : जाळ, ऑइल आणि पाणी यांनी आपापल्या वाटेनं जावं, एकमेकांच्या खोलीत शिरू नये. एकत्र कुटुंबात हे खातं थोरल्या काकूंकडे असतं. गॅरेजमध्ये तिला नुसतं 'पॅकिंग' म्हणतात, त्यामुळे "हेडचं पॅकिंग गेलंय" हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, शंभर-दोनशेचं काम असेल.

आमचं गेलं खंबाटकीत, मे महिन्यात. तेव्हा पुण्याहून साताऱ्याला जाताना घाट चढावा लागायचा आणि परतताना बोगदा मिळायचा. म्हणजे गाडीला मान टाकायचीच असेल तर ती जातानाच टाकते, लग्नाला पोचायच्या आधी. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि टेम्परेचरचा काटा लाल रेघेकडे निघालेला. मी एसी बंद केला. मागून मेहुणा म्हणाला, "दाजी, हीटर लावा फुल्ल. इंजिनची गरमी आत ओढून घेतो."

हे शास्त्रशुद्ध आहे. हीटरमध्ये इंजिनाचंच गरम पाणी खेळतं, त्यामुळे तेवढी उष्णता इंजिनातून कमी होऊन आपल्या गुडघ्यांवर येते. भर दुपारी आम्ही हीटर लावून घाट चढू लागलो. पैठणीच्या पदरानं वारा घेत सासूबाईंनी हिला विचारलं, "हे गाडी वाचवतायत की आपल्याला मारतायत?" आवाज मुळीच खाली नव्हता.

गाडी वाचली नाही. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघाला, त्याला गोडसर वास होता. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, जळल्याचा वास असा असतो हे मला नंतर कळलं. तेव्हा हिला वाटलं, जवळपास कुणीतरी पाक करतंय.

क्रेननं गाडी पुण्यात आणल्यावर मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढून माझ्या नाकासमोर धरली. काळ्या ऑइलच्या जागी दुधाळ, पिवळट, फेसाळ काहीतरी चिकटलं होतं. झाकणाच्या आतल्या बाजूलाही तोच थर. "पाणी ऑइलमध्ये गेलंय," ते म्हणाले. मग थंड रेडिएटरचं झाकण उघडून त्यांनी सेल मारायला लावला. पाण्यात आधी एक बुडबुडा आला, थांबला, मग एकामागून एक यायला लागले. सिलिंडरमधला जाळाचा गॅस थेट पाण्यात फुटत होता. मिस्त्री त्याकडे इतक्या कौतुकानं बघत होते की मलाही क्षणभर अभिमान वाटला.

"खर्च किती?"

"पॅकिंग स्वस्त आहे हो. लेबर आहे. हेड वाकलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करायचं. चीर गेली असेल तर हेडच बदलायचं. पंधराही होतील, पस्तीसही."

"नक्की?"

"खोलल्यावर कळेल."

इथे खरी गोम आहे. गाडी दुरुस्त करायची की नाही हे ठरवायला खर्च कळायला हवा. खर्च कळायला इंजिन खोलायला हवं. आणि इंजिन खोललं की निम्मं लेबर लागू झालंच, म्हणजे दुरुस्त करायची असं आपण ठरवलेलंच असतं. लग्नाच्या बाबतीत निदान आधी पत्रिका तरी बघता येते.

मी वही काढली. गाडी चौदा वर्षांची. पुढच्या वर्षी पंधरा भरली की आरटीओत फेरनोंदणी. एप्रिल 2022 पासून तिचे 600 रुपयांचे 5000 झालेत. शिवाय पर्यावरण कर. सरकारमान्य केंद्रात स्क्रॅप केली तर प्रमाणपत्र मिळतं आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. ती सवलत पदरात पाडून घ्यायला आधी आठ-दहा लाखांची गाडी घ्यायची, एवढीच अट.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वडील म्हणाले, "लक्ष्मी आहे ती. दारातून ढकलत काढू नये." मेहुण्यानं बॅटरीवरच्या गाड्यांचे व्हिडिओ पाठवले, त्यांना हेड गॅस्केट नसतं ही गोष्ट त्यानं अशा सुरात सांगितली, जणू मी जन्मभर मुद्दाम हेड गॅस्केट असलेल्या गाड्या शोधत आलो होतो. शेजारच्या काकांनी औषध सांगितलं : "एक बाटली मिळते, रेडिएटरमध्ये ओतायची. आपोआप बुजतं." अशा बाटल्या असतात खऱ्या. बऱ्याच बाटल्यांत सोडियम सिलिकेट असतं, ते तापलं की चिरेत काचेसारखं घट्ट होतं. फक्त चीर कुठली आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली, हे त्याला समजत नाही. काकांची स्वतःची गाडी गेली कित्येक वर्षं कव्हरखाली आहे, हेही लक्षात घ्यावं लागतं.

शेवटी मी "खोला" म्हणालो.

हेड उतरल्यावर मिस्त्रींनी त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि खालून गेजचं पातळ पान सरकवलं. ते सरळ आत गेलं. आमचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. अ‍ॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, आणि बोल्टनी जखडलेलं असल्यामुळे फुगायला जागा न मिळून वाकतं. अशा हेडात बहुतेक ठिकाणी 0.05 मिलिमीटरच्या आसपास बाक खपवून घेतात. केसाची जाडीही त्याहून सहसा जास्त भरते. आमच्या हेडात मात्र पान आरामात ये-जा करत होतं.

त्याच संध्याकाळी जुन्या गाड्यांचा एजंट आला. त्यानं बॉनेटमध्ये डोकावून पाहिलं. चार भोकं वर तोंड करून उघडी.

"हेड कुठाय?"

"फेसिंगला गेलंय."

"बिनहेडाची गाडी नाही घेत आपण. बसवून द्या, मग बोलू."

म्हणजे भंगारात विकायची तरी हेड बसवायला हवं. हेड बसवायचं तर नवं पॅकिंग, नवं ऑइल, नवं कूलंट. वहीतली दोन्ही पानं एकाच रकमेवर येऊन थांबली. मी वही मिटली.

बोल्ट आवळायच्या दिवशी मी मुद्दाम हजर राहिलो. ते मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं आणि ठरलेल्या जोरानं आवळायचे असतात, हे मी वाचून ठेवलं होतं. मिस्त्रींनी साधा पाना उचलला. "टॉर्क पाना?" मी अदबीनं विचारलं. "पंचवीस वर्षांचा हात आहे, साहेब." मी हाताबद्दल पूर्ण आदर व्यक्त केला आणि हललो नाही. तेव्हा पोऱ्या शेजारच्या गॅरेजमधून टॉर्क पाना घेऊन आला. बोल्ट मात्र मिस्त्रींनी अचूक क्रमानं घेतले, कागदाकडे एकदाही न बघता.

बिल सव्वीस हजार झालं. गाडी आता इतकी गुळगुळीत चालते की सिग्नलला बंद पडली की काय अशी शंका येते. ही म्हणाली, "चालू आहे तोवर विकून टाका." पटलं. एजंटला बोलावलं, बिल दाखवलं, नवं पॅकिंग, फेसिंग, वॉटर पंप, सगळं उत्साहानं सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे इंजिन खोललंय?"

"हो, म्हणून तर—"

"मग भाव कमी होणार, साहेब. खोललेलं इंजिन गिऱ्हाइकाला नको असतं."

"आणि खोललं नसतं तर?"

"तर बंद गाडी कोण घेणार?" त्यानं चहा संपवला, कप खाली ठेवला आणि बॉनेटवर हात फिरवत मनापासून म्हणाला, "काम चांगलं झालंय पण. वापरा की तुम्हीच."