‘पस्तीस वर्षांत काही झालं नाही’

सर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, उरलंसुरलं सगळं एकाच वेस्टच्या बाटलीत ओतलं, कधी काही झालं नाही. आणि मी ‘ॲसिड आणि अल्कोहोल कधीच एकत्र करू नका’ असं लिहून पोरांना उगाच घाबरवतेय.

ते वाक्य चुकलं, मान्य. एस्टरचा फळासारखा वास आणायला प्रॅक्टिकलला आपण तेच तर करतो. मी स्वतः भोसरीत रोज नायटल, म्हणजे पोलाद तपासायचं द्रावण, बनवते: 98 मिली इथेनॉल, त्यात 2 मिली नायट्रिक, ॲसिड शेवटी आणि हळूहळू. पॉलिश केलेला पोलादाचा तुकडा काही सेकंद बुडवला की आरशासारखी चकाकी धुरकटते आणि मायक्रोस्कोपखाली कण उठून दिसतात.

पण नायट्रिक 10 टक्क्यांच्या पुढे गेलं की हेच मिश्रण स्फोटक ठरू शकतं. आणि ते लगेच बोलत नाही, खरी गोची तिथे आहे.

आधीच्या नोकरीतली गोष्ट. बुधवारी संध्याकाळी एका ट्रेनी मुलानं तळाशी उरलेलं कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक वापरलेल्या ॲसिटोन-अल्कोहोलच्या बाटलीत ओतलं आणि झाकण घट्ट पिळलं. फेस नाही, धूर नाही. बाटली कोमटसुद्धा लागली नाही म्हणे. आम्ही कुलूप लावून घरी. शुक्रवारी दार उघडलं तर सिंकखालच्या कपाटाचं दार निखळून समोरच्या भिंतीशी पडलेलं, काचा पार वजनकाट्यापर्यंत, आणि नाकात झोंबणारा वास. नायट्रिक सावकाश अल्कोहोलला खात बसतं, वायू साठत जातो, मग एकदम वेग घेतं. मधला दिवस गुरुवारचा, एमआयडीसीच्या सुट्टीचा, म्हणून तिथे कोणी नव्हतं. आमच्याही रजिस्टरला ‘इजा: नाही’ अशीच नोंद आहे, सर.

नायट्रिकमधून निघणाऱ्या तांबूस धुराचंही तसंच. छातीत गेला तर तेव्हा नुसता ठसका लागतो. फुफ्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागू शकतात. माणूस तोवर घरी जेवून झोपलेला असतो.

‘मग ओतायचं कुठे?’ असं विचारलंत. नायट्रिकची बाटली वेगळी, काचेची, वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणाची. सॉल्व्हंटची वेगळी. दोन्हींवर आत काय काय ओतलंय ते लिहिलेलं.

आणि हो, कपाटातल्या बाटल्या एबीसीडीप्रमाणे लावल्यात असं तुम्ही कौतुकानं लिहिलंय. एनच्या फळीवर नायट्रिक ॲसिडला चिकटून नायट्रोबेन्झिनसारखं सॉल्व्हंट आहे का, तेवढं बघून कळवाल?