दुर्बीण घेताय? नळी नंतर, आधी तिचे पाय बघा

दिवाळीचा बोनस झाला किंवा मुलांची परीक्षा संपली की माझ्या इनबॉक्समध्ये ठरलेला मेसेज येतो. "ताई, पहिली दुर्बीण घ्यायचीय, ही कशी आहे?" खाली ऑनलाइन दुकानाची लिंक. ती उघडली की हमखास तेच चित्र: चकचकीत नळी, काटकुळे तीन पाय आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत '५२५ पट'. माझं उत्तरही आता ठरलेलं आहे. नळी राहू दे, स्टँडचा फोटो मोठा करून बघ.

आधी ते ५२५ निकालात काढू. दुर्बिणीची फोकल लेंथ (आरसा किंवा भिंग प्रकाश जिथे एकत्र आणतं तिथपर्यंतचं अंतर) भागिले आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या भिंगाची फोकल लेंथ, की किती पट ते कळलं. बारीक आयपीस लावत गेलात तर आकडा हवा तेवढा वाढतो. पण आरशाचा किंवा भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुपटीपुढे काही हाती लागत नाही. ६० मिमीच्या दुर्बिणीत १२० पटींनंतर गुरू नुसता पसरट, अंधूक ठिपका होतो. शनीची कडी ओळखू यायला तीस-चाळीस पट पुरतात.

आता पायांकडे. दुर्बीण ग्रह मोठा करते तशी थरथरही मोठी करते. शिवाय पृथ्वी फिरतेय, दर तासाला १५ अंश. १२० पटींना साध्या आयपीसमधून ग्रह पावणेदोन मिनिटांत एका कडेकडून दुसऱ्या कडेला जातो, म्हणजे नळी सतत हलकेच ढकलत राहावी लागते. काटकुळ्या ट्रायपॉडवर प्रत्येक धक्क्यानंतर चित्र नाचतं. ते थांबेपर्यंत ग्रह कडेला, की पुन्हा धक्का. रांगेत उभ्या असलेल्या पोरांना "दिसला का?" विचारलं की ती भिडेखातर "हो" म्हणतात. अशा दुर्बिणी पुढे माळ्यावर जातात आणि दोष मात्र आकाशाला मिळतो.

मग लोक म्हणतात, इक्वेटोरियल माउंट (माउंट म्हणजे नळी धरून फिरवणारा स्टँडचा भाग) घेतो, तो 'प्रोफेशनल' असतो. कल्पना सुंदरच आहे. एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर ठेवायचा, की एकच मूठ फिरवून तारा धरून ठेवता येतो. पण त्यासाठी अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर. तिथे शेजारची इमारत असते, नाहीतर धूळ. अक्ष इतका आडवा केला की हलक्या माउंटचा, नळीला तोल देणाऱ्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडकतो, कारण हे माल चाळीस-पन्नास अंश अक्षांशावरच्या गिऱ्हाइकांना डोळ्यासमोर ठेवून बनलेले असतात. त्यात आरशाची दुर्बीण असेल तर आयपीस कधी खाली, कधी पाठीमागे. स्वस्त सेटमध्ये सगळा पैसा त्या चाकांत आणि वजनांत गेलेला असतो, भक्कमपणाला काही उरत नाही.

पहिल्या दुर्बिणीला माझं मत डॉबसोनियनलाच. लाकडाची पेटी, तळाशी फिरती फळी, घर्षणासाठी टेफ्लॉनच्या चकत्या. ढकललं की हलतं, सोडलं की तिथेच थांबतं. हे रूढ केलं जॉन डॉबसन यांनी. जन्म १९१५, बीजिंग. १९४४ ते १९६७ हा माणूस कॅलिफोर्नियात रामकृष्ण परंपरेतल्या वेदांत मठात संन्यासी होता. जहाजाच्या खिडकीच्या जुन्या जाड काचा घासून आरसे करायचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांत बसवायचा आणि रस्त्यावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. या नादापायीच त्याला मठ सोडावा लागला. माझ्या लेखी हौशी आकाशनिरीक्षणावर एवढे उपकार फार थोड्यांचे आहेत.

नेमकं काय घ्यावं? सहा इंची, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या आरशाची डॉबसोनियन, १२०० मिमी फोकल लेंथची. २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट, १० मिमीच्याने १२०. गुरूचे पट्टे, मृग नक्षत्रातला तेजोमेघ, कृत्तिका, सगळं मनसोक्त. मेच्या मध्यावर रात्री दहा-साडेदहाला दक्षिणेकडे चोवीस अंशांवर ओमेगा सेंटॉरी बघा. लाखो ताऱ्यांचा हा गुच्छ लंडनहून क्षितिजाच्या वरच येत नाही, आणि आपण भोर-वेल्ह्याच्या बाजूला गाडी थांबवून बघू शकतो.

जाणकार म्हणतील, आठ इंचीच घ्या, प्रकाश पावणेदोन पट मिळतो. खरंय. पण ती वीस किलोंच्या वर जाते आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. (सेक्रेटरींना एकदा शनी दाखवून ठेवा, पुढचं सोपं जातं.) लिफ्ट गच्चीपर्यंत जात नसेल तर सहा इंचीच, किंवा मेजावर ठेवायची १३० मिमीची. तिला मात्र मेज खरंच भक्कम हवं, प्लॅस्टिकचं स्टूल नको.

फोटोंचं म्हणाल तर चंद्राचे फोटो आयपीसला मोबाइल लावून मस्त येतात. तेजोमेघांचे हवे असतील तर मोटरवाला, वजनदार इक्वेटोरियल लागतोच, आणि तो बहुधा दुर्बिणीपेक्षा महाग पडतो. तो दुसऱ्या वर्षाचा विषय.

सेटबरोबर आयपीसला लावायचा सूर्याचा काळा फिल्टर आला तर सरळ फेकून द्या. उन्हाने तापून तो तडकतो, आणि डोळा तिथेच असतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडावर लावायचा असतो.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच नाही, त्यामुळे मेमध्ये खरेदीची घाई करू नका. पावसाळ्यात आरशावर बुरशी धरते. दव पडलेली दुर्बीण झाकण लावून ठेवू नका, आधी वाळू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद करा. तोवर १०×५० ची (दहा पट, ५० मिमीच्या भिंगांची) बायनॉक्युलर असेल तर नक्षत्रं पाठ होतात, आणि ती पाठ नसतील तर कुठलीही दुर्बीण नुसती नळीच.

घेण्याआधी एकदा दुसऱ्याच्या दुर्बिणीतून बघा. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. तिथे नळीवर हलकेच टिचकी मारायची परवानगी मागा आणि चित्र थरथरायचं थांबायला किती वेळ लागतो ते बघा. तीन-चार सेकंदांहून जास्त लागला तर तो स्टँड घेऊ नका.

कमेंटमध्ये लिंका टाकू नका. कितवा मजला, लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का आणि उत्तरेला काय आड येतं, एवढं लिहा. त्यावरून सांगते.