पेरिन्याँबुवांनी तारे प्यायलेच नाहीत

३१ डिसेंबर जवळ आला की हा फॉरवर्ड ठरल्यासारखा येतो: "४ ऑगस्ट १६९३ रोजी फ्रान्समधल्या डाँ पेरिन्याँ या संन्याशाने शॅम्पेनचा शोध लावला. पहिला घोट घेताच तो ओरडला, 'लवकर या, मी तारे पितोय!' आजही त्याच्याच मठात दरवर्षी त्याच्या नावाची वाईन बनते." यातला माणूस तेवढा खरा आहे.

आधी शोधाचं बघू. पेरिन्याँ (१६३८–१७१५) १६६८ पासून शॅम्पेन प्रांतातल्या ओव्हिलेरच्या मठाचा कोठी-कारभारी होता. तो तिथे जाण्याच्या सहा वर्षं आधीच, १६६२ मध्ये, क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज डॉक्टरने लंडनच्या रॉयल सोसायटीत सांगून टाकलं होतं की व्यापारी वाईन फेसाळ व्हावी म्हणून तिच्यात साखर आणि काकवी घालतात. इंग्रजांना ते परवडत होतं, कारण दगडी कोळशाच्या भट्टीत केलेल्या त्यांच्या बाटल्या दणकट होत्या.

कारभाऱ्याच्या लेखी बुडबुडे म्हणजे नुकसान. शॅम्पेन प्रांतात थंडी कडक. हिवाळ्यात रस आंबायचा थांबतो, वसंतात बाटलीत पुन्हा आंबू लागतो, गॅस कोंडतो आणि बाटली फुटते. एक फुटली की शेजारची फुटते. पुढे एकोणिसाव्या शतकातही तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी मुखवटे घालून वावरत. आजच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त; बुचावरची तारेची जाळी शोभेची नाही.

मग पेरिन्याँने केलं काय? काळी द्राक्षं अलगद दाबून, सालीचा रंग उतरू न देता पांढरी वाईन काढण्याची पद्धत त्याने घोटून बसवली. वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं चाखून, कशात काय मिसळायचं ते तो दाबण्याआधीच ठरवायचा. मला विचाराल तर हे काम बुडबुड्यांहून मोठं, पण त्याचा फॉरवर्ड होत नाही.

तारे? ते वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या जाहिरातीतलं. शोधाची दंतकथा त्याआधीची: फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडल्यावर तिथल्याच ग्रोसार नावाच्या संन्याशाने १८२१ मध्ये एका पत्रात आपल्या पूर्वसुरीचे गोडवे गायले, आणि तिथून ती पसरली.

म्हणजे 'त्याच्याच मठात' हेही गेलं. ही वाईन एपेर्ने गावच्या मोएत ए शाँदों या पेढीची. क्लोद मोएतने ती पेढी १७४३ मध्ये काढली, पेरिन्याँ जाऊन २८ वर्षं झाल्यावर. त्याच्या नावाची पहिली बाटली १९२१ च्या हंगामाची, विक्रीला आली १९३६ मध्ये. ढालीच्या आकाराचं लेबल जुनाट दिसतं एवढंच.

'दरवर्षी' तर नाहीच. लेबलवरचं साल द्राक्षांच्या हंगामाचं असतं आणि हंगाम मनासारखा नसेल तर त्या सालची बाटलीच निघत नाही. २००७ आणि २०११ ची शोधून पाहा.

आपल्या नाशिकजवळ दिंडोरीतही याच उद्योगसमूहाची फसफसती वाईन बनते, २०१३ मध्ये बाजारात आली. तिच्यावर 'शॅम्पेन' लिहिता येत नाही, ते नाव त्या फ्रेंच प्रांताचं. मला आलेल्या फॉरवर्डवर फोटो तिचाच होता.