याझू : दीड वर्षाचा बँड आणि एका वेळी एकच स्वर

हळदीला किंवा शाळेच्या गॅदरिंगला 'माकारेना' लागलं की मधेच एक बाई मोठ्याने हसते, आठवतंय? त्या गाण्याच्या १९९६ मध्ये जगभर गाजलेल्या 'बेसाइड बॉइज मिक्स' या आवृत्तीबद्दल बोलतोय. ते हसू मुळात १९८२ मधलं आहे. 'सिच्युएशन' नावाच्या इंग्लिश गाण्यातून उचललेलं. हसणारी ॲलिसन मॉये, आणि बँड याझू.

बँड म्हणायला दोनच माणसं. मशीनवर विन्स क्लार्क, गायला ॲलिसन. दोघंही लंडनच्या पूर्वेला एसेक्समधल्या बॅसिल्डन गावचे. क्लार्कने डिपेश मोडचा पहिला अल्बम जवळजवळ एकहाती लिहिला आणि १९८१ संपता संपता तो बँड सोडला. ॲलिसन ब्लूज गाणारी, तिने 'मेलडी मेकर' साप्ताहिकात बँड हवा म्हणून जाहिरात दिली होती. त्यावर फोन आला तो या सिंथेसायझरवाल्याचा, म्हणजे विजेवर स्वर तयार करणाऱ्या वाद्यांच्या माणसाचा! त्याच्याकडे 'ओन्ली यू' तयार होतं, डेमोला आवाज हवा होता. मार्च १९८२ मध्ये म्यूट या रेकॉर्ड कंपनीने ते काढलं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मागोमाग 'डोन्ट गो' तिसऱ्या क्रमांकावर.

याझूबद्दल एक वाक्य सगळीकडे छापून येतं : थंड मशीन आणि ऊबदार आवाज. मला ते अर्धवट वाटतं. त्या मशीन थंड नव्हत्या, गरीब होत्या. त्या गरिबीमुळेच आवाजाला जागा मिळाली.

म्हणजे कसं ते सांगतो. क्लार्कची मुख्य वाद्यं दोन सिंथेसायझर, सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रो-वन आणि एआरपी २६००. प्रो-वनमध्ये ऑसिलेटर, म्हणजे ध्वनी निर्माण करणारे भाग, दोन, पण स्वर एका वेळी एकच. पेटीवर तीन बोटं ठेवली की तीन स्वर मिळतात. इथे तीन पट्ट्या दाबल्या तरी एकच वाजणार. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, हवी असेल तर तीन वेगळ्या ओळी बसवायच्या, नाहीतर कॉर्ड मोडून तिचे स्वर एकामागून एक टाकायचे. 'ओन्ली यू'ची सुरुवात ऐका, ती मोडलेली कॉर्डच आहे. तिथे हार्मनी सलग पसरलेली नाही, ठिपक्या-ठिपक्यांनी येते. दोन ठिपक्यांमधली जागा मोकळीच राहते, आणि ॲलिसनचा जाड, खालच्या पट्टीतला आवाज नेमका तिथे बसतो.

हे ठिपके कोणी हाताने वाजवत नव्हतं. रोलंडचा एमसी-४ मायक्रोकंपोझर नावाचा डबा होता, दिसायला दुकानातल्या मोठ्या कॅल्क्युलेटरसारखा. त्यात गाणं आकड्यांनी भरायचं. एका स्वराला तीन आकडे : कोणता स्वर, पुढचा स्वर किती वेळाने, आणि हा स्वर त्यातला किती वेळ वाजत ठेवायचा. समजा एका मात्रेचे १२० भाग धरले, तर पाव मात्रेला ३०. आता ३० पैकी ३० भाग वाजवला तर स्वर एकमेकांना चिकटतात, १० भाग वाजवला तर टिचक्या मारल्यासारखे येतात. याझूच्या गाण्यांत जी उडी जाणवते, तिचा बराचसा भाग या तिसऱ्या आकड्यात आहे. ड्रम मशीनचा वाटा त्यानंतर.

चुका कशा होतात तेही गमतीचं आहे. सोळा स्वरांच्या आवर्तनात एका ठिकाणी ३० ऐवजी २९ टाइप झालं, तर पहिल्या फेरीत कानाला काही कळत नाही. पण दर फेरीला एक भाग पुढे, असं करत तिसाव्या आवर्तनानंतर ती ओळ बाकीच्यांच्या पूर्ण पाव मात्रा पुढे पळालेली असते. मग बसा शेकडो आकडे तपासत. वीज गेली तर मेमरी रिकामी, म्हणून सगळं कॅसेटवर उतरवून ठेवावं लागे.

शिवाय एमसी-४ ला चॅनल चारच, म्हणजे एका वेळी चारच ओळी. चार ओळींपलीकडे काही हवं असेल तर आधीच्या टेपवर घ्यायच्या आणि टेपबरोबर मशीन पुन्हा जुळवायची. त्यासाठी त्या काळची सर्वसाधारण पद्धत अशी की टेपचा एक ट्रॅक निव्वळ तालाच्या इशाऱ्याला द्यायचा. तो घरघरणारा इशारा शेजारच्या ट्रॅकवर झिरपतो, म्हणून शेजारी नाजूक काही ठेवायचं नाही. टेपला बारीक खोट असली आणि इशारा क्षणभर तुटला, तर मशीनची मोजणी तिथून पुढे चुकलीच.

आणि सूर! या वाद्यांत स्वर विजेच्या दाबाने ठरतो : एका सप्तकाला एक व्होल्ट, म्हणजे अर्धस्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. खोली तापली आणि ८ मिलिव्होल्टचा फरक पडला, की स्वर अर्धस्वराच्या दहाव्या हिश्शाने सरकतो. तंबोऱ्यासारखं दर टेकच्या आधी लावून घ्यायचं, दुसरा इलाज नाही. एवढा व्याप असताना कोण उगाच पंधरा थर चढवेल?

रेकॉर्डिंग लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत झालं, जुन्या चर्चच्या इमारतीत. साउंड इंजिनिअर एरिक रॅडक्लिफ. पहिल्या अल्बमच्या 'अपस्टेअर्स ॲट एरिक्स' या नावातला एरिक तो हाच. ऑगस्ट १९८२ चा हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. बोलण्याचे तुकडे चिकटवून केलेला 'आय बिफोर ई एक्सेप्ट आफ्टर सी' सोडला (मी दरवेळी पुढे ढकलतो), तर आजही सलग ऐकावा असा. अमेरिकेत याझू नावाची रेकॉर्ड कंपनी आधीच असल्याने तिथे बँडचं नाव छाटून नुसतं 'याझ' केलं.

मग फाटलं. दोघं मित्र नव्हते, एकमेकांना नीट ओळखतही नव्हते, आणि पहिलंच गाणं गाजल्यामुळे ओळख व्हायला सवड मिळाली नाही. चौघांच्या बँडमध्ये भांडण मिटवायला तिसरा असतो, इथे तिसरं होतं ते मशीन. दुसऱ्या अल्बमच्या वेळी दोघं बरेचदा वेगवेगळ्या वेळी स्टुडिओत येत. 'हॅपी पीपल' गायला ॲलिसनने चक्क नकार दिला, ते क्लार्कने स्वतः गायलं आणि तसं ऐकूही येतं. अल्बमचं नाव 'यू अँड मी बोथ'. खवचटपणा तरी किती! जुलै १९८३ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर पोचला तेव्हा बँड संपलेला होता. त्यातलं सर्वांत चांगलं गाणं 'नोबडीज डायरी', तेही ॲलिसनने लिहिलेलं. क्लार्कला 'कर्ता' आणि तिला 'नुसती गायिका' म्हणणाऱ्यांनी ते एकदा ऐकावं.

पुढे ती एकटी गाऊ लागली. १९८४ चा तिचा 'आल्फ' अल्बमसुद्धा पहिल्या क्रमांकावर गेला. क्लार्कने १९८५ मध्ये गायक अँडी बेलला घेऊन इरेजर हा बँड काढला. मधल्या काळात एकाच वेळी अनेक स्वर देणारी स्वस्त वाद्यं आली, तरी १९९१ च्या 'कोरस' अल्बमसाठी हा गडी पुन्हा जुन्या ॲनालॉग सिंथकडे आणि एमसी-४ कडे वळला.

मशीनशिवाय हे गाणं उभंच राहणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी १९८३ च्या नाताळातली ब्रिटनची यादी पाहावी. पहिल्या क्रमांकावर 'ओन्ली यू' आहे, फ्लाइंग पिकेट्स या गटाचं. सहा माणसं, वाद्य एकही नाही. क्लार्कच्या ओळी त्यांनी आपसात वाटून घेतल्या आणि नुसत्या तोंडाने गायल्या. वाटता आल्या, कारण मुळात प्रत्येक ओळीत एका वेळी एकच स्वर होता.