भाजणीच्या चकलीतला गहू

मला सिलिॲक हा आजार असल्याचे निदान होऊन चार वर्षे झाली. त्याआधी कितीतरी वर्षे गोळ्या घेऊनही माझे हिमोग्लोबिन वाढत नव्हते, आणि शेवटी या आजारात रक्तात वाढणाऱ्या टीटीजी प्रतिपिंडांची चाचणी व एंडोस्कोपी झाल्यावर कारण समजले. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) या धान्यांतले ग्लुटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की माझ्या शरीराची प्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते आणि अन्न शोषून घेण्याची त्याची क्षमता घटत जाते. यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर टाळणे हाच उपचार. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किटे मी त्याच आठवड्यात सोडली. आमच्या घरात भाकरी रोजचीच असल्यामुळे ते मला फारसे जड गेले नाही.

तरीही वर्षभराने केलेल्या तपासणीत प्रतिपिंडांचे प्रमाण जेमतेम उतरले होते. मी गव्हाचा कणही खाल्लेला नाही, असे मी डॉक्टरांना अगदी प्रामाणिकपणे सांगितले. आहारतज्ज्ञ बाईंनी मला आठवडाभर तोंडात जाणारा प्रत्येक पदार्थ वहीत लिहायला लावला, आणि ती वही वाचताना त्यांचे बोट जेवणाच्या ताटावर नव्हे, तर चार वाजताच्या चहाबरोबरच्या खाण्यावर थांबले. भाजणीची चकली, लसूण शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, आणि कधी भूक लागली तर दुधात घातलेले कॉर्नफ्लेक्स. यांपैकी एकाही पदार्थाला आपण गव्हाचा पदार्थ म्हणत नाही.

सर्वांत मोठा धक्का हिंगाचा होता. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो तसाच वापरता येत नाही, म्हणून बाजारातल्या पुडीच्या हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते, आणि ते पीठ बहुधा गव्हाचे किंवा मैद्याचे असते. डबीवरील घटकांच्या यादीत ते लिहिलेलेही असते. पण हिंगाच्या डबीवरची यादी आपल्यापैकी किती जण वाचतात? शेवेत हिंग, चिवड्याच्या फोडणीत हिंग, चकलीच्या पिठात हिंग. कॉर्नफ्लेक्समध्ये चवीसाठी जवाच्या माल्टचा अर्क होता. चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींचीच होती, परंतु ती ज्या गिरणीत दळली गेली तिथे आधीचे दळण गव्हाचे होते, आणि ज्या तेलात चकली तळली गेली त्यात त्याआधी शंकरपाळ्यांचे दोन घाणे निघाले होते.

एवढ्याशा पिठाने काय होते, असे मला अनेकांनी प्रेमाने विचारले आहे, म्हणून हिशेब मांडते. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेले तरी तीन महिन्यांत आतड्याच्या अस्तराला इजा होऊ शकते, असे अभ्यासातून दिसले आहे. गव्हाच्या पिठात वजनाच्या सुमारे 8 ते 10 टक्के ग्लुटेन धरले, तर ही मात्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅम पिठात भरते. पोळ्या लाटून झाल्यावर पोळपाटावर जी पिठी उरते, ती याहून जास्त असते. शिवाय चूक झाली की लगेच त्रास होईलच असेही नाही. मला पोट फुगणे, तोंड येणे आणि न जाणारा थकवा एवढेच जाणवत असे, आणि ते मी कामाच्या दगदगीवर ढकलत राहिले.

ज्या दुकानातून मी शेव आणत असे, तिथल्या काकांनी मला फसवले असे मी कधीच म्हणणार नाही. मी विचारले होते, “यात गहू आहे का?” त्यांनी सांगितले, “नाही ताई, नुसते बेसन आहे.” त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण हिंगाला कोणी पीठ समजत नाही आणि तेलाला घटक समजत नाही. माझा प्रश्नच अपुरा होता. आता मी हिंग कोणता, तेल कोणते आणि दळण कुठले, असे तीन प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळाले नाही तर पदार्थ घेत नाही.

बंद पाकिटाबाबत निदान कायदा सोबतीला आहे. ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास तसे वेष्टनावर लिहिणे बंधनकारक आहे, आणि ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. मात्र आपला बहुतेक खाऊ परातीतून तोलून कागदात बांधून मिळतो, किंवा शेजारच्या काकूंकडून डब्यात येतो. तिथे वाचायला काहीच नसते.

हे आपल्या समाजाला जमणार नाही, हे मला मुळीच पटत नाही. उपवासाची भाजणी दळताना गिरणी आधी साफ करून घ्यावी, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. साबुदाणा वड्याचे तेल वेगळे ठेवणारी दुकाने आहेत, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी वेगळी कढई चढवणारे आचारीही आहेत. एका दाण्याने, एका थेंबाने पदार्थ चालेनासा होतो, ही समज आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. श्रद्धेसाठी आपण जी काळजी इतक्या सहजपणे घेतो, तीच आजारासाठी मागितली की तिला ‘नखरे’ म्हटले जाते, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. फरसाणाच्या दुकानात प्रत्येक परातीपुढे भाव लिहिलेली पाटी असतेच; त्याच पाटीवर ‘हिंगात गव्हाचे पीठ आहे’ किंवा ‘तळणीचे तेल सामाईक’ एवढे चार शब्द लिहावेत, ही माझी मागणी आहे. त्याला खर्च नाही, यंत्र नाही, आणि ते वाचून इतर गिऱ्हाइके परत जाणार नाहीत.

गेल्या दिवाळीत मामीने स्वतःहून फोन केला. तांदळाचे पीठ घालून केलेला हिंग कुठे मिळतो ते विचारून घेतले, भाजणी घरघंटीवर दळण्याआधी मूठभर तांदूळ दळून ते पीठ बाजूला टाकले आणि मला सांगितले, “नव्या तेलात पहिला घाणा तुझ्या चकल्यांचा, करंज्या त्यानंतर.” डब्याला तिने लाल दोरा बांधून पाठवला होता. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत मी त्या चकल्या पुरवून पुरवून खाल्ल्या.